कोर्टाचा इंग्रजी हुकूम कसा वाचायचा : नक्कल विभागाच्या खिडकीतून

जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात माझ्या नोकरीची शेवटची १४ वर्षं गेली. निकालांच्या, रोजनाम्यांच्या, साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रमाणित प्रती तयार करायच्या आणि खिडकीतून द्यायच्या, हे काम. नक्कल हातात पडली तरी माणूस लगेच जात नाही. कडेला उभा राहून पानं उलटतो आणि थोड्या वेळाने परत खिडकीशी येतो. "ताई, यात काय लिहिलंय तेवढं सांगा ना." कर्मचाऱ्याने पक्षकाराला सल्ला द्यायचा नसतो. "तुमच्या वकिलांना विचारा," एवढंच मी म्हणायचे. आता निवृत्त झाले आहे. तेव्हा जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

साठीच्या पुढचे एक गृहस्थ तालुक्याच्या कोर्टातल्या जुन्या निकालाची नक्कल मागायला आले होते. बोलता बोलता त्यांनी उच्च न्यायालयाच्या हुकमाची छापील प्रत दाखवली. शेवटची ओळ होती, 'रूल इज डिस्चार्ज्ड'. घरातल्या शिकलेल्या मुलाने डिक्शनरी काढून 'डिस्चार्ज म्हणजे मुक्त' असं सांगितलं होतं, म्हणून आपण केसमधून सुटलो असं समजून ते ४ महिने निवांत होते. याचिका त्यांनीच केलेली होती. त्या ओळीचा अर्थ होता, तुमची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात जाण्याची ९० दिवसांची मुदत तोवर उलटून गेली होती. तो चेहरा मी विसरलेले नाही.

कोर्टाच्या इंग्रजीतले लॅटिन शब्द फारसा घात करत नाहीत. ते अनोळखी आहेत हे आपल्याला कळतं आणि आपण कोणाला तरी विचारतो. घात करतात ते शाळेपासून ओळखीचे शब्द : रूल, सर्व्हिस, लीव्ह, कॉज, प्रेयर, से. त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं, म्हणून आपण विचारतच नाही.

आधी कागद कोणता ते ओळखा

लोक प्रत्येक कागदाला 'निकाल' म्हणतात. तो रोजनामा असू शकतो, म्हणजे प्रत्येक तारखेला काय घडलं याची नोंद. तो एखाद्या अर्जावरचा आदेश असू शकतो. न्यायनिर्णय असू शकतो, इंग्रजीत 'जजमेंट', ज्यात न्यायाधीश कारणं देतात. किंवा हुकूमनामा असू शकतो, इंग्रजीत 'डिक्री'. निकालाने कोणाला काय मिळालं ते त्यात थोडक्यात येतं आणि पुढे अंमलबजावणीची दरखास्त त्याच्याच आधारे होते. पहिल्या पानावर वर काय छापलंय ते बघा.

खालच्या कोर्टात 'ऑर्डर बिलो एक्झिबिट फाइव्ह' असं शीर्षक फार वेळा दिसतं. एक्झिबिट म्हणजे निशाणी. दाव्याला निशाणी १ पडते आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज सोबत असला की त्याला बहुधा निशाणी ५. 'बिलो' म्हणजे 'खाली' : अर्जाच्याच कागदावर खाली हुकूम लिहायची पद्धत होती, त्यातून हा शब्द राहिला. म्हणजे हा कागद अख्ख्या दाव्याचा निकाल नाही. दावा चालेपर्यंत मनाई द्यायची की नाही, एवढ्यापुरताच तो आहे. निशाणी ५ नामंजूर झाली म्हणून 'आपण केस हरलो' असं म्हणत रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. अशा हुकमात 'प्राइमा फेसी' हे शब्द शोधा. 'प्रथमदर्शनी' असा त्याचा अर्थ. साक्षीपुरावा अजून व्हायचा आहे आणि दाव्याचा निर्णय त्या पुराव्यावर होणार आहे.

मग स्वतःचं नाव शोधा. हे हास्यास्पद वाटेल, पण दर वेळी करा. खालच्या कोर्टातला प्रतिवादी अपिलात गेला की 'अपेलंट' होतो आणि मूळ वादी होतो 'रिस्पॉन्डंट'. नावासमोर बारीक अक्षरात 'ओरिजिनल डिफेंडंट नंबर टू' असं लिहिलेलं असतं. एका कोऱ्या कागदावर लिहा : मी, या कागदापुरता, रिस्पॉन्डंट नंबर ३. तेवढं केल्याशिवाय पुढचं वाचू नका. 'अपील इज अलाउड' हे वाक्य कोणाच्या बाजूचं आहे हे त्या एका ओळीवर ठरतं.

शेवटच्या पानापासून मागे

वकील हुकूम मागून वाचतात, तसंच तुम्हीही वाचा. शेवटच्या भागाला 'ऑपरेटिव्ह पार्ट' म्हणतात, म्हणजे प्रत्यक्ष अमलात येणारा भाग. खालच्या कोर्टाच्या न्यायनिर्णयात त्याच्या आधी 'हेन्स, आय प्रोसीड टु पास द फॉलोइंग ऑर्डर' अशा अर्थाची ओळ असते आणि खाली क्रमांक घालून हुकूम असतो. 'सूट इज डिक्रीड' म्हणजे दावा मंजूर झाला. 'पार्टली डिक्रीड' म्हणजे अंशतः. 'डिसमिस्ड' म्हणजे फेटाळला.

त्यानंतर मधलं एक कोष्टक शोधा. आपल्याकडच्या न्यायनिर्णयात ते जवळजवळ नेहमी असतं : डावीकडे मुद्दे, उजवीकडे निष्कर्ष. निष्कर्षात 'इन द अफर्मेटिव्ह' म्हणजे होकारार्थी, 'इन द निगेटिव्ह' म्हणजे नकारार्थी आणि 'अ‍ॅज पर फायनल ऑर्डर' म्हणजे अंतिम आदेशाप्रमाणे. इथे लोक हमखास फसतात. 'नकारार्थी' दिसलं की वादीला वाटतं आपण गेलो. पण डावीकडचा प्रश्न वाचा. 'दावा मुदतबाह्य आहे हे प्रतिवादी शाबीत करतो काय?' असा मुद्दा असेल, तर नकारार्थी उत्तर वादीच्या फायद्याचं आहे. प्रत्येक मुद्द्यापाशी पेन्सिलीने लिहून ठेवा : हे शाबीत करायचं ओझं कोणावर होतं? ओझं ज्याच्यावर, त्याच्याविरुद्ध जातं नकारार्थी उत्तर.

उच्च न्यायालयाच्या छोट्या हुकमांत कोष्टक नसतं. तिथे आणखी एक अडचण येते : 'इन टर्म्स ऑफ प्रेयर क्लॉज बी'. प्रेयर म्हणजे याचिकेच्या शेवटी मागितलेली विनंती, आणि ए, बी, सी ही त्या विनंत्यांची अक्षरं. काय मिळालं ते हुकमात नसतंच, ते याचिकेत असतं. याचिकेची प्रत जवळ नसेल तर हुकमाचा अर्थ ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वकिलांकडून याचिकेची पूर्ण प्रत मागून घ्या आणि हुकमाच्या मागे टाचून ठेवा. ती मागायला संकोच वाटायचं काही कारण नाही, याचिका तुमची आहे.

बोलतंय कोण?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे आहे. न्यायनिर्णयाची पहिली निम्मी पानं बहुतेक वेळा न्यायाधीशांचं मत नसतंच. वादी काय म्हणतो, प्रतिवादी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, काय म्हणतो, वकिलांनी काय युक्तिवाद केला, हे सगळं न्यायाधीश आपल्या शब्दांत मांडत असतात. एका बाईंनी तावातावाने मला पान दाखवलं होतं, "बघा, जजसाहेबांनी लिहिलंय की मी मृत्युपत्र खोटं केलं." परिच्छेदाच्या सुरुवातीला होतं, 'इट इज द केस ऑफ द प्लेंटिफ दॅट'. म्हणजे 'वादीचं म्हणणं असं की'. कोर्टाने पुढे नेमकं उलट ठरवलं होतं. चार पानं पुढे जाण्याइतकी ताकद त्यांच्यात राहिली नव्हती.

दोन रंगांची पेन्सिल घ्या. 'इट इज कन्टेन्डेड', 'इट इज अलेज्ड', 'लर्नेड काउन्सेल सबमिट्स', 'अकॉर्डिंग टु द डिफेंडंट' यांनी सुरू होणारा परिच्छेद एका रंगाने : तो पक्षकाराचा आवाज. 'आय फाइंड', 'इन माय व्ह्यू', 'वी आर ऑफ द ओपिनियन', 'इट इज एव्हिडंट फ्रॉम द रेकॉर्ड' यांनी सुरू होणारा दुसऱ्या रंगाने : तो कोर्टाचा आवाज. 'लर्नेड' हे विशेषण प्रत्येक वकिलाला लागतं. समोरच्या वकिलाची ती स्तुती समजू नका.

तिसराही आवाज असतो. जुन्या निकालांतले उतारे मधे येतात, आत सरकवून छापलेले. त्यातली माणसं, जमिनी, तारखा तुमच्या नाहीत. असा उतारा पहिल्या वाचनात सरळ ओलांडा.

'रूल' आणि त्याची भावंडं

आता त्या गृहस्थांच्या ओळीकडे येते. उच्च न्यायालय याचिका सुनावणीला घेतं तेव्हा 'रूल' काढतं. मूळ इंग्लंडमधल्या पद्धतीतला हा 'रूल निसाय'. 'निसाय' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'नाही तर'. दुसऱ्या बाजूने येऊन सबळ कारण दाखवावं, नाही तर मागणी मंजूर होईल, असा तो सशर्त हुकूम. पुढे सुनावणी होऊन मागणी मंजूर झाली की अट गळते आणि 'रूल इज मेड अ‍ॅब्सोल्यूट' होतं. मागणी नामंजूर झाली की तो सशर्त हुकूमच रद्द होतो, म्हणून 'रूल इज डिस्चार्ज्ड'. मुक्त होतो तो रूल, माणूस होत नाही.

कधी कधी एकाच हुकमात 'रूल. रूल मेड रिटर्नेबल फोर्थविथ. हर्ड फायनली बाय कन्सेंट' असं असतं. याचिका दाखल करून घेतली, पुढची तारीख न देता तिथेच ऐकली, दोन्ही बाजूंच्या संमतीने. एरवी 'रिटर्नेबल ऑन' यानंतर येणारी तारीख ही समोरच्याने हजर राहायची तारीख असते. काही परत करायचं नसतं.

'डिस्चार्ज' हा शब्द फौजदारीत आला तर मात्र खरोखरच आरोपीच्या फायद्याचा. तिथे 'डिस्चार्ज्ड' म्हणजे आरोपमुक्त, आरोप ठेवण्याआधीच. 'अ‍ॅक्विटेड' म्हणजे खटला चालून निर्दोष सुटका. दोन्हींत फरक आहे : आरोपमुक्त माणसाविरुद्ध पुढे नवा पुरावा आला तर कारवाई होऊ शकते, निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, सुटकेविरुद्ध अपील मात्र होऊ शकतं. आणि वकिलाने 'डिस्चार्ज'साठी अर्ज दिला असेल तर तो तुमचं वकीलपत्र सोडतोय. त्या दिवशी दुसरा वकील शोधायला लागा.

फेटाळणं एक, तऱ्हा अनेक

'डिसमिस्ड' एवढा एक शब्द वाचून थांबू नका. त्याच्या पुढचे दोन-तीन शब्द सगळं ठरवतात.

'डिसमिस्ड फॉर डिफॉल्ट' म्हणजे पुकारा झाला तेव्हा तुमच्या बाजूने कोणी हजर नव्हतं. कोर्टाने खरंखोटं तपासलेलंच नाही. असा दावा पुन्हा नंबरावर घ्यावा, म्हणजे परत चालू करावा, म्हणून अर्ज करता येतो आणि त्याची मुदत ३० दिवस आहे. गैरहजेरीचं पुरेसं कारण द्यावं लागतं, इंग्रजीत 'सफिशिअंट कॉज'. याचंच दुसरं टोक 'एक्स पार्टी डिक्री' : प्रतिवादी गैरहजर म्हणून एकतर्फी झालेला हुकूमनामा. तो रद्द करून घेण्याचीही मुदत ३० दिवस. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजायची.

'डिसमिस्ड इन लिमिने' म्हणजे उंबरठ्यावरच, दुसऱ्या बाजूला न बोलावता. 'डिसमिस्ड अ‍ॅज इन्फ्रक्चुअस' म्हणजे मागण्यासारखं काही उरलंच नाही. समजा निवडणुकीला स्थगिती मागितली होती आणि निवडणूक होऊन गेली. 'नॉट प्रेस्ड' म्हणजे तुमच्याच वकिलाने तो मुद्दा रेटला नाही. हा शब्द दिसला आणि तुम्हाला आधी सांगितलं गेलं नसेल, तर शांतपणे का ते विचारा. चांगली कारणं असू शकतात.

'डिसमिस्ड अ‍ॅज विथड्रॉन' इथे डोळ्यांत तेल घालून बघा. त्यापुढे 'विथ लिबर्टी टु फाइल अ फ्रेश सूट' आहे का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम १ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा काढून घेतला, तर त्याच विषयावर त्याच माणसाविरुद्ध पुन्हा दावा लावता येत नाही. 'लिबर्टी' या एका शब्दाचं मोल एखाद्या घराण्याच्या जमिनीएवढं असू शकतं. तो नसेल तर त्याच आठवड्यात वकिलांना भेटा.

'डिस्पोज्ड ऑफ' हे फेटाळणंही नव्हे आणि मंजूर होणंही नव्हे. प्रकरण निकाली काढलं, एवढंच. समजा, 'अधिकाऱ्याने अर्जदाराच्या निवेदनावर ८ आठवड्यांत निर्णय द्यावा' असं सांगून याचिका निकाली निघाली. मग त्या ८ आठवड्यांची तारीख कॅलेंडरवर लिहायची आणि हुकमाची प्रत त्या कार्यालयात नेऊन पोच घ्यायची. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा १६ अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर क्रमांक, टाकून नुसतं 'डिस्पोज्ड' वाचलं तर यातलं काहीच कळत नाही. मूळ हुकूम उघडावाच लागतो.

आता आमच्या घरचं. माझ्या भावाच्या अपिलात कोर्टाच्या कार्यालयाने काही हरकती काढल्या होत्या : एक पान अस्पष्ट होतं, एका कागदाचं भाषांतर जोडलेलं नव्हतं. हुकूम झाला, ४ आठवड्यांत हरकती दूर कराव्यात, 'फेलिंग विच द अपील शॅल स्टँड डिसमिस्ड विदाउट फर्दर रेफरन्स टु द कोर्ट'. भावाने मला फोनवर सांगितलं, "चार आठवड्यांची तारीख मिळाली." मीही कामाच्या गडबडीत कागद मागून पाहिला नाही. ती तारीख नव्हतीच. 'फेलिंग विच' म्हणजे तसं न केल्यास, आणि 'स्टँड डिसमिस्ड' म्हणजे आपोआप फेटाळलेलं समजावं, कोर्टापुढे पुन्हा न ठेवता. वकिलांकडूनही राहून गेलं. मुदत संपली त्या दिवशी अपील संपलं, ना पुकारा ना सुनावणी. ते पुन्हा उभं करायला दीड वर्ष लागलं. म्हणून सांगते, कुठल्याही हुकमात आधी 'फेलिंग विच', 'इन डिफॉल्ट ऑफ विच', 'ऑन कंडिशन दॅट' आणि 'सब्जेक्ट टु' शोधा. त्याभोवती गोल करा. शेजारी मुदतीची शेवटची तारीख आकड्यांत लिहा.

दार उघडं ठेवणारे शब्द

'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे परवानगी दिली. 'लीव्ह टु अमेंड' म्हणजे अर्जात दुरुस्तीची परवानगी. 'लिबर्टी टु अप्लाय' म्हणजे गरज पडली तर पुन्हा कोर्टाकडे या. 'ऑल कन्टेन्शन्स आर केप्ट ओपन' म्हणजे या मुद्द्यांवर कोर्टाने आज काही ठरवलेलं नाही, पुढे मांडता येतील. 'विदाउट प्रेज्युडिस टु द राइट्स' म्हणजे आज जे करतोय त्याने माझे हक्क सोडले असं समजू नये. भाडेकरूने वाद चालू असताना भाडं भरलं आणि 'विदाउट प्रेज्युडिस' लिहिलं, तर त्याने घरमालकाचं सगळं म्हणणं मान्य केलं असं होत नाही. पूर्वग्रहाशी याचा संबंध नाही, मोबाइलवरचं भाषांतर काहीही म्हणो.

'स्टेटस को' याला आपल्याकडे 'जैसे थे' असा सुरेख शब्द आहे, आणि त्याच्या सुरेखपणातच खोच आहे. जे आज आहे ते तसंच राहू द्या, असं कोर्ट सांगतं. पण आज काय आहे, कब्जा कोणाचा आहे, हे पुष्कळदा त्या हुकमात लिहिलेलंच नसतं. मग दोन्ही भाऊ तोच कागद घेऊन त्याच शेतावर उभे राहतात. 'जैसे थे' मिळाला तर कोणत्या तारखेचा ते बघा आणि त्या तारखेला कब्जा तुमचा असल्याचे कागद, फोटो, पीक पाहणीची नोंद वेगळी काढून ठेवा. मुदतही बघा : 'टिल द नेक्स्ट डेट' म्हणजे पुढच्या तारखेपर्यंतच, त्या दिवशी मुदतवाढ मागायची राहिली तर संरक्षण संपतं. 'अन्टिल फर्दर ऑर्डर्स' म्हणजे पुढचा हुकूम होईपर्यंत.

रोजनाम्यातले आखूड शब्द

'एस. ओ.' म्हणजे 'स्टँड ओव्हर', पुढची तारीख पडली. 'अदर साइड टु से' हा आपल्याकडचा खास शेरा : अर्जाची प्रत दुसऱ्या बाजूला द्या, त्यांनी 'म्हणणं' दाखल करावं. इथे 'से' नाम म्हणून वापरतात. 'फाइल्ड से' म्हणजे म्हणणं दाखल केलं. 'सर्व्हिस' म्हणजे बजावणी. 'अनसर्व्ह्ड' शेरा असेल तर समन्स त्या माणसापर्यंत पोचलेलं नाही. 'हमदस्त' हा फारसी शब्द उच्च न्यायालयाच्या इंग्रजी हुकमांत आजही येतो; नोटीस पक्षकाराने स्वतः हाती नेऊन बजावायला परवानगी, असा त्याचा अर्थ.

दोन शेरे दिसले तर उशीर करू नका. 'नो डब्ल्यू. एस. ऑर्डर' (डब्ल्यू. एस. म्हणजे 'रिटन स्टेटमेंट', कैफियत) म्हणजे तुम्ही मुदतीत कैफियत दिली नाही, आता दावा विनाकैफियत चालणार. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस आणि कारण दाखवून ९० दिवसांपर्यंत, असं कायदा सांगतो. दुसरा शेरा 'नो क्रॉस' : साक्षीदाराची उलटतपासणी तुमच्या बाजूने झाली नाही आणि संधी बंद झाली. दोन्ही हुकूम रद्द करा असा अर्ज देता येतो, पण कोर्ट पहिला प्रश्न 'इतके दिवस कुठे होता' हाच विचारतं.

खर्चाचं थोडक्यात. 'कॉस्ट्स' म्हणजे दाव्याचा खर्च. दंड असेलच असं नाही. 'नो ऑर्डर अ‍ॅज टु कॉस्ट्स' म्हणजे ज्याचा खर्च त्याने सोसायचा. 'कॉस्ट्स इन द कॉज' म्हणजे शेवटी जो जिंकेल त्याला हा खर्च मिळेल. यातला 'कॉज' म्हणजे दावा.

'एक्झिक्युशन' तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतं. दस्ताचं एक्झिक्युशन म्हणजे सह्या करून दस्त करून देणं. डिक्रीचं एक्झिक्युशन म्हणजे दरखास्त. फौजदारी निकालात शिक्षेची अंमलबजावणी. 'कन्सिडरेशन' खरेदीखतात दिसलं तर मोबदला. 'रिमांड' दिवाणी अपिलात म्हणजे प्रकरण खालच्या कोर्टाकडे फेरनिर्णयासाठी पाठवणं, फौजदारीत कोठडी.

लॅटिनची यादी मी देत नाही. 'सुओ मोटू' म्हणजे स्वतःहून, 'इंटर अलिया' म्हणजे इतर गोष्टींबरोबर, 'म्यूटाटिस म्यूटांडिस' म्हणजे आवश्यक ते बदल करून, 'रेस ज्युडिकाटा' म्हणजे एकदा निर्णय झालेला वाद पुन्हा चालणार नाही. एवढ्यावर बरंच निभतं. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत बाकीचे सापडतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. काही निकालांची मराठी भाषांतरं त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात आणि समजून घ्यायला ती चांगली आहेत, पण अंमलबजावणीसाठी मूळ इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. फार थोड्या बायकांना हे माहीत असतं.

नकलेचं शेवटचं पान

नक्कल उलटी करा. शेवटी शिक्का असतो आणि त्यात तारखा : 'कॉपी अप्लाइड ऑन', 'कॉपी रेडी ऑन', 'कॉपी डिलिव्हर्ड ऑन'. या तारखा मी १४ वर्षं हाताने भरल्या आणि त्या वाचणारी माणसं मोजकीच पाहिली. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागणारा वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. पण तो अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंत. तयार झालेली नक्कल तुम्ही न्यायला आला नाहीत, ते दिवस तुमच्या खात्यावर.

एक उदाहरण करून बघा. हुकूमनामा ३ मार्चचा. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस. निकालाचा दिवस धरायचा नाही, म्हणजे २ एप्रिलपर्यंत. नकलेचा अर्ज १० मार्चला, नक्कल तयार २८ मार्चला : १९ दिवस वगळले. मुदत गेली २१ एप्रिलपर्यंत. तुम्ही नक्कल नेली १५ एप्रिलला आणि समजलात की आजपासून ३० दिवस आहेत. प्रत्यक्षात उरले होते ६. उच्च न्यायालयात अपील असेल तर मूळ मुदत ९० दिवसांची, मोजायची रीत हीच. मुदत गेलीच, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही.

निकाल ऐकला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. नक्कल तयार झाली का ते दर दोन दिवसांनी खिडकीवर विचारा. विचारलेलं कोणाला आवडत नाही असं वाटत असेल, तरी विचारा. आणि हातात पडल्यावर तिथेच उभं राहून शिक्क्यातल्या तीन तारखा वाचा, मुदतीचा शेवटचा दिवस पेन्सिलीने कोपऱ्यात लिहा, आणि तोच दिवस वकिलांच्या डायरीत लिहिलेला आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.